अमेरिकेत ऑनलाइन घेतलेला टीव्ही नागपुरात चालेल का?

ताई, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तुम्ही न्यू जर्सीत राहता. नोव्हेंबरच्या सेलमध्ये तिकडे ५५ इंची टीव्ही ऑनलाइन घ्यायचा विचार आहे. दोन वर्षांनी कायमचं नागपूरला यायचंय, तेव्हा तोच टीव्ही आणून त्रिमूर्तीनगरच्या घरी लावता येईल का? आणि दुसरं, बाबांच्या पंचाहत्तरीला इथल्या घरी एक नवा टीव्ही तिकडे बसूनच मागवून द्यायचाय, त्यात काय पाहावं?

माझं नागपुरात बर्डीला टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, १९९१ पासून. तिकडून आणलेले टीव्ही उघडता उघडता केस पांढरे झाले, त्यामुळे मत आधीच सांगून टाकतो. टीव्ही ज्या देशातल्या भिंतीला लागणार, त्याच देशात घ्यावा. तिकडे दोन वर्षं वापरा, निघताना तिथेच विका किंवा कोणाला देऊन या. तरीही आणायचाच असेल, तर घेण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या आहेत आणि त्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कधीच नसतात.

थोडं मागचं सांगतो. आमच्या सुरुवातीच्या काळात लोक दुबई-मस्कतहून टीव्ही आणायचे. खोकं उघडलं, प्लग बदलला, सेमिनरी हिल्सच्या टॉवरकडे अँटेना फिरवला की चित्र हजर. तिकडे आपल्यासारखीच पाल नावाची टीव्ही प्रक्षेपणाची पद्धत, ६२५ रेषा, वीजही बहुतेक ठिकाणी आपल्यासारखी. अमेरिकेहून आणलेला टीव्ही मात्र रडवायचा. तिकडची एनटीएससी पद्धत ५२५ रेषांची, त्यामुळे चित्र वर वर सरकत राहायचं, रंग गायब, आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर, कारण आवाजाची फ्रिक्वेन्सीच वेगळी. मग आम्ही आत छोटी कन्व्हर्टर पट्टी बसवायचो. ती सगळी विद्या आता भंगारात गेली. २०१३ साली नागपुरात केबलला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि टीव्ही म्हणजे बॉक्सचं चित्र दाखवणारा पडदा उरला. म्हणून बऱ्याच लोकांना वाटतं की आता कुठलाही टीव्ही कुठेही चालतो. तिथेच घात होतो.

पहिली गोष्ट वीज. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. टीव्हीच्या मागे, पॉवर कॉर्डच्या आसपास एक लेबल असतं. त्यावर 'एसी १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं छापलेलं असेल तर विजेची काळजी मिटली. 'एसी ११०-१२० व्होल्ट' किंवा नुसतंच '१२० व्होल्ट' असेल, तर तो टीव्ही इथल्या बोर्डात थेट लावायचा नाही. अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेल्या बऱ्याच मॉडेलवर हे दुसरंच लेबल असतं, नावाजलेल्या कंपन्यांच्याही. 'हल्ली सगळ्या टीव्हीत एसएमपीएस (विजेचं रूपांतर करणारं आतलं सर्किट) असतो, काही होत नाही' हे वाक्य मी फार ऐकतो. एसएमपीएस असतो हे खरं. पण तो किती व्होल्टसाठी बांधलाय, ते लेबल सांगतं.

तीनेक वर्षांपूर्वी मनीषनगरचे एक काका ५५ इंची टीव्ही घेऊन आले. मुलाने अमेरिकेहून घरसामानाच्या कंटेनरमध्ये पाठवलेला. गल्लीतल्या मुलाने दहा रुपयांचा प्लग अ‍ॅडॉप्टर लावून चालू केला, 'फट्' आवाज आला आणि जळकट वास. उघडून पाहिलं तर फ्यूज आणि व्हॅरिस्टर उडालेले, शिवाय मोठा कपॅसिटर फुगलेला. १२० व्होल्ट एसी डीसीत बदलला की कपॅसिटरवर साधारण १७० व्होल्ट येतात, म्हणून अशा सर्किटमध्ये २०० व्होल्टचा कपॅसिटर पुरतो. इथल्या २३० वर तेच ३२५ होतात. बिचारा किती धरेल? त्या टीव्हीचं नशीब चांगलं, नुकसान पॉवर बोर्डावरच थांबलं. पण दुरुस्त करून मी काय दिलं, तर पुन्हा १२० व्होल्टवर चालणारा टीव्ही! सोबत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागला. तो दिवाणखान्यात शोकेसच्या मागे बसलाय, रात्रंदिवस बारीक गुणगुण करतो म्हणून काकू वैतागलेल्या आहेत.

ट्रान्सफॉर्मरचा मार्ग चुकीचा नाही, पण त्याचेही नखरे आहेत. ५५ इंची एलईडी टीव्ही साधारण शंभर ते दीडशे वॅट खातो, तेव्हा ट्रान्सफॉर्मर ३०० व्हीए किंवा त्याहून मोठा घ्या, अगदी काठावरचा नको. दुसरं, तो फक्त प्रमाणात कमी करतो, व्होल्टेज सांभाळत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साऱ्या मोहल्ल्याचे कूलर-एसी सुरू झाले आणि लाइन १८० वर आली, की टीव्हीला ८६ व्होल्ट मिळतात. रात्री २६० झाली की १२४. म्हणजे त्याच्या आधी स्टॅबिलायझरही आला. आणि प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळतो तो मुठीएवढा कन्व्हर्टर टीव्हीला कधीच लावू नका. तो विजेची लाट तुकड्यातुकड्याने कापतो. ड्रायरच्या तारेला त्याचं काही वाटत नाही, टीव्हीच्या आयसीला वाटतं.

आता ऑनलाइन घेताना लेबल दिसणार कसं? मॉडेल नंबर पूर्ण उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट, आणि कंपनीच्या साइटवरून त्याचं मॅन्युअल उतरवा. शेवटच्या पानांवर 'पॉवर' असं कोष्टक असतं. गिऱ्हाइकांनी टाकलेल्या फोटोंत कधी कधी मागची बाजू दिसते, तेही पाहा. मात्र खाली कोणीतरी 'माझा भारतात मस्त चालतो' असं लिहिलंय यावर जाऊ नका. त्याचं मॉडेल वेगळं असू शकतं. सॅमसंगचं उदाहरण घ्या. तिकडच्या मॉडेलचा नंबर 'यूएन' किंवा 'क्यूएन'ने सुरू होतो, आपल्याकडच्याचा 'यूए' किंवा 'क्यूए'ने, युरोपातल्याचा 'यूई' किंवा 'क्यूई'ने. पुढचे आकडे सारखे दिसले तरी आतलं पॉवर बोर्ड आणि मेन बोर्ड वेगळं असू शकतं. ही दोन अक्षरं पाहायची सवय लावा, निम्मा घोळ तिथेच कळतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते: ५० हर्ट्झ. हे विजेचं नाही, चित्राचं. आपले डीटीएच आणि केबलचे बॉक्स एचडीएमआयमधून सेकंदाला ५० च्या हिशोबाने चित्र देतात. अमेरिकेतला सगळा कारभार ६० चा. तिकडच्या बाजारासाठी बनवलेले काही टीव्ही एचडीएमआयवर ५० हर्ट्झ घेतच नाहीत. पडद्यावर 'हा सिग्नल चालत नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी येते नाहीतर नुसता काळोख. वीज बरोबर, टीव्ही ठणठणीत, आणि बाबांची मराठी बातम्यांची वाहिनी मात्र लागत नाही. बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन बदलून पाहता येतं, पण तिथेही बहुतेक पर्याय ५० चेच असतात.

याची परीक्षा तुम्ही तिकडेच करू शकता, तीही परत करायची मुदत संपण्याआधी. लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ६० वरून ५० करा, रिझोल्यूशन १९२० बाय १०८०. चित्र स्थिर दिसलं तर आशा आहे. नाही दिसलं तर तो टीव्ही नागपुरात सेट टॉप बॉक्सशी बोलणार नाही असंच धरा. ५० चा पर्यायच येत नसेल तर लॅपटॉपचा ग्राफिक कार्डही अडवत असू शकतो, म्हणून दुसरा लॅपटॉप लावून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे.

टीव्हीच्या आत असलेल्या ट्यूनरचं, म्हणजे अँटेनाचा सिग्नल पकडणाऱ्या भागाचं, मात्र फार मनावर घेऊ नका. अमेरिकेत एटीएससी, युरोपात आणि आपल्याकडे डीव्हीबी घराण्यातले, जपानात आयएसडीबी. तिकडचा ट्यूनर इथे निकामी ठरेल, पण इथे तरी तो वापरतो कोण? बाबांचा बॉक्स एचडीएमआयवरच येणार. तुम्ही उलट करायचं म्हणालात, म्हणजे इथला टीव्ही तिकडे न्यायचा, तर तिकडच्या अँटेनावर मिळणारी स्थानिक चॅनेल्स लागणार नाहीत, एवढंच. इथल्या टीव्हींवर बऱ्याचदा १००-२४० व्होल्ट असतं, त्यामुळे विजेच्या दृष्टीने तो प्रवास सोपा. अनेक टीव्हींची कॉर्ड मागे आठच्या आकड्याच्या पिनेची, सुटी निघणारी असते. अ‍ॅडॉप्टरवर अ‍ॅडॉप्टर चढवण्यापेक्षा त्या त्या देशाची कॉर्डच घ्यावी, स्वस्त पडते आणि सैल होऊन ठिणगी मारत नाही.

अ‍ॅपचं म्हणाल तर स्मार्ट टीव्हीचं 'स्मार्ट'पण तो ज्या देशासाठी बनला त्या देशाचं असतं. अ‍ॅप स्टोअर देश पाहून अ‍ॅप देतो. काही टीव्हींत देश बदलता येतो, काहींत लपवलेला असतो, काहींत मुळीच नसतो. रिमोटवरची तिकडच्या सेवांची बटणं इथे शोभेला उरतात. यावर तोड सोपी आहे: टीव्हीचं सॉफ्टवेअर विसरा आणि इथे घेतलेली स्ट्रीमिंग स्टिक मागे खोचा. वायफायचं एक बारीक खेंगट सांगून ठेवतो. इथला राउटर कधी कधी १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर जाऊन बसतो, आणि अमेरिकेच्या उपकरणांना ती चॅनेल्स दिसतच नाहीत. 'फोनला वायफाय येतं, टीव्हीला येत नाही' म्हणून लोक टीव्ही उचलून दुकानात आणतात. राउटर १, ६ किंवा ११ वर बांधून ठेवला की झालं.

आता समजा वीज जुळली, ५० हर्ट्झ जुळलं. तरी मी नको का म्हणतो? कारण तो बिघडला की तुम्ही माझ्याकडे येणार आणि मी हात वर करणार. टीव्हीची वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात विकला त्या देशापुरती असते. इथल्या सर्व्हिस सेंटरला तिकडचा मॉडेल नंबर सांगितला की त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तो सापडत नाही, म्हणजे पैसे मोजूनही पार्ट मागवता येत नाही. पॉवर बोर्ड आम्ही खटपट करून चालतं करतो. बॅकलाइटच्या पट्ट्याही जुळवून घेतो. पण मेन बोर्ड गेला किंवा पॅनेल गेलं तर खेळ खलास. पॅनेल तर इथल्या टीव्हीचं घ्यायलाही किंमत नव्या टीव्हीच्या जवळपास जाते.

आणि आणायचा कसा? विमानात चेक-इन सामानाची लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण १५८ सेंटिमीटरची मर्यादा असते. ३२ इंचीचं खोकं त्यात कसंबसं बसतं. ४३ इंचीचंच बसत नाही, ५५ चं तर नावच नको, त्याचा नुसता पडदाच १२२ सेंटिमीटर रुंद. म्हणजे जहाजाने, घरसामानासोबत. पॅनेल उभंच राहायला हवं, आडवं टाकलं आणि वर कोणी मिक्सरचं खोकं ठेवलं की मधोमध चीर. कस्टमचंही आहे. २६ ऑगस्ट २०१३ पासून सपाट पडद्याच्या टीव्हीला प्रवाशाच्या सामानातली करसूट काढून टाकली, तेव्हा दर ३५ टक्के अधिक उपकर असा होता. त्याआधी दुबईहून येणारी विमानं टीव्हीच्या खोक्यांनी भरलेली असायची, ते एकदम थांबलं. कायमचं परतणाऱ्यांना 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'ची वेगळी सवलत मिळते, पण तिच्या अटी आणि दर बदलत असतात, निघायच्या महिन्यात कस्टमच्या साइटवर पाहून घ्या. उलट आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. भाडं, कर, ट्रान्सफॉर्मर, स्टॅबिलायझर हे सगळं मिळवून बघा, आणि तोवर दोन वर्षं जुना झालेला टीव्ही बघा. हिशोब तुम्हीच करा.

आता बाबांच्या टीव्हीचं. तो इथल्याच साइटवरून घ्या, इथल्या मॉडेलचा. अडचण टीव्हीत नाही, माणसांच्या वेळेत आहे. ऑर्डर तुमच्या खात्यावरून, म्हणून डिलिव्हरीचा ओटीपी तुमच्या फोनवर. डिलिव्हरीवाला त्रिमूर्तीनगरला दुपारी बारा वाजता उभा, आणि हिवाळ्यात तुमच्याकडे तेव्हा रात्रीचा दीड. फोन सायलेंटवर. तो पाच मिनिटं थांबतो आणि 'गिऱ्हाईक उपलब्ध नाही' लिहून निघून जातो. हे मी शेजाऱ्यांच्या घरी दोनदा पाहिलंय. म्हणून पत्त्यासोबत बाबांचाच मोबाइल नंबर द्या, आणि ओटीपी कुठल्या नंबरवर येणार ते ऑर्डर करतानाच नीट वाचा. शक्य असेल तर बाबांच्या नावाने खातं उघडून त्यावरूनच मागवा. बिलही त्यांच्या नावाचं राहतं आणि पुढे वॉरंटीला तेच कामी येतं.

पैसे भरताना तिकडचं कार्ड प्रत्येक साइट घेईलच असं नाही, आणि इथल्या कार्डाचा ओटीपी इथल्या सिमवर येतो. तुमचं एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांसाठीचं) खातं असेल तर बँकेला विचारा. २०२३ पासून अमेरिकेसह काही देशांच्या मोबाइल नंबरवर अशा खात्यांचं यूपीआय सुरू करायला परवानगी आहे, तुमच्या बँकेने सोय दिलेली असायला हवी.

खोकं दारात आलं की 'ओपन बॉक्स डिलिव्हरी' असेल तर त्याच्यासमोरच उघडून घ्यायचं. नसेल तर बाबांनी उत्साहाच्या भरात स्वतः फोडायचं नाही, कंपनीचा माणूस बसवायला येईल तेव्हाच, आणि उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ. कारण फुटलेलं पॅनेल वॉरंटीत येत नाही, आणि 'आधीच फुटलेलं होतं' हे सिद्ध करणं तुमच्याकडे येतं. चालू केल्यावर आधी पांढराशुभ्र पडदा लावून बघा, मग लाल, हिरवा, निळा. कोपऱ्यात काळपट डाग किंवा उभी रेघ दिसली तर त्याच दिवशी तक्रार. रिटर्नची मुदत मोजक्याच दिवसांची असते आणि ती डिलिव्हरीपासून मोजतात. बसवणारा माणूस उशिरा आला म्हणून ती वाढत नाही.

भिंत कसली आहे तेही बाबांना विचारा. जुनं विटांचं घर असेल तर प्रश्न नाही. नव्या फ्लॅटमध्ये हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात, त्यात साधा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही. बसवणारा घाईत असतो, दोन स्क्रू मारून मोकळा होतो. लांब अँकर मागा.

आणि कूलर! हे नागपूरबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर, घरोघरी वुडवूलचे कूलर. दिवाणखान्यात टीव्ही जिथे, त्याच्या समोरच खिडकीतून कूलरचं तोंड. ती ओली हवा दिवसभर टीव्हीवर आपटते, पॅनेलच्या कडेला असलेल्या नाजूक रिबनमध्ये ओल शिरते, आणि एक-दोन उन्हाळ्यांत पडद्यावर उभ्या रेघा. जुलै-ऑगस्टला माझ्या दुकानात येणाऱ्या टीव्हींमध्ये हा आजार ठरलेला. लोक कंपनीला शिव्या देतात, कंपनी 'ओल शिरलीय' म्हणून वॉरंटी नाकारते. म्हणून टीव्ही कूलरच्या झोतात येणार नाही अशीच भिंत निवडा, मग ती सोफ्याच्या थोडी तिरपी असली तरी चालेल.

मृगाच्या पहिल्या गडगडाटाला डिशची केबल बॉक्समधून काढायची, नुसता टीव्हीचा स्विच बंद करून भागत नाही. वीज गच्चीवरच्या डिशमधून केबलने बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत येते. त्या आठवड्यात माझ्याकडे दर वर्षी मेलेल्या एचडीएमआय पोर्टची रांग लागते. बाबांना गुडघ्यांमुळे खाली वाकता येत नसेल तर केबलचा जोड हाताला येईल अशा उंचीवर घ्यायला बसवणाऱ्याला तेव्हाच सांगा.

तिकडचा टीव्ही अजून पक्का केला नसेल तर त्याचा पूर्ण मॉडेल नंबर इथेच लिहा. मॅन्युअल काढून त्याचे व्होल्ट मी पाहून सांगतो. ५० हर्ट्झची परीक्षा मात्र तुम्हालाच करावी लागेल.